दुधी काच

वहिनींनी फोटो तिरका करून खिडकीकडे धरला आणि त्याचा उजवीकडचा खालचा कोपरा अंगठ्याने पुसला. काही पुसलं गेलं नाही. धूळ नव्हतीच ती. फोटोतल्या माणसाच्या मागचा पडदा सगळीकडे एकसारखा करडा होता, फक्त त्या कोपऱ्यात विटल्यासारखा फिका झाला होता. त्यांनी बाहीने पुसून पाहिलं. चष्मा काढून, फोटो नाकाशी आणून पाहिलं. मग त्या मटकन खुर्चीवर बसल्या.

फोटो एका स्थळाचा होता. छबी, त्यांची एकुलती एक लेक, सकाळी कामावर जाताना तो जेवणाच्या टेबलावर विसरून गेली होती. विसरून तरी कसं म्हणायचं, पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता तिने, चहा पिताना समोर दिसावा असा. तिशी उलटलेली मुलगी. आजवर आलेल्या प्रत्येक फोटोला ‘ह्याच्या भुवया पटत नाहीत’, ‘हा फोटोतसुद्धा कुणावर तरी डाफरतोय’ असं काहीतरी म्हणून तिने वाटेला लावलं होतं. ह्या फोटोकडे मात्र ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "भेटायला हरकत नाही." आईबापांना कानांवर विश्वास ठेवणं जड गेलं होतं.

शनिवारी तो माणूस घरी यायचा होता. छत्तीस वर्षांचा, स्वतःची लाकडाची वखार असलेला, कमी बोलणारा. ही सगळी माहिती छबीच्या वडिलांची. पाकीटही त्यांनीच आणून दिलं होतं, "तिकडून आलंय" म्हणत. वहिनींचे हात तेव्हा कणकेत होते, त्यांनी लांबूनच बघितलं. चेहरा पाहिला होता, कागद पाहिला नव्हता.

आणि आता कागद सांगत होता की फोटो कुठल्याही ‘तिकडून’ आलेला नाही. तो इथेच, ह्या भिंतीच्या पलीकडे छापलेला आहे.

पुढे फोटोचं दुकान, मागे राहतं घर आणि दोन्हींच्या मधे बिनखिडकीची डार्करूम, अशी त्यांची जागा होती. दुकान यजमानांचं, डार्करूम वहिनींची. यजमान फोटो काढायचे, वहिनी छापायच्या. लग्न झाल्यापासून हीच वाटणी. अख्खी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची, आणि वहिनींनी यजमानांना मनातल्या मनात एक नाव ठेवलं होतं. गिऱ्हाईक गेलं की यजमान निगेटिव्ह घेऊन डार्करूमच्या दाराशी यायचे आणि म्हणायचे, "जरा मऊ कर." तिहेरी हनुवटीचा दुकानदार असो, गालफडं बसलेली मास्तरीण असो, पुटकुळ्यांनी तोंड भरलेला कॉलेजकुमार असो, "जरा मऊ कर." तेव्हा वहिनींच्या लेखी त्यांचं आडनाव मऊकर. छबीला ते ठाऊक होतं. खुद्द मऊकरांना नव्हतं.

मऊ आणि कडक हे त्या घराचे रोजचे शब्द होते. छापायचा कागद एकच, पण निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरच्या भिंगाखाली पिवळा फिल्टर सरकवला की फोटो मऊ यायचा. काळं सगळं करड्यात विरघळायचं, सुरकुत्या मिटायच्या. जांभळट गुलाबी फिल्टर सरकवला की कडक. मग काळं ते काळं, पांढरं ते पांढरं, आणि मधल्यामधे काही लपवायची सोय नाही. पिवळ्यानेही भागलं नाही तर निगेटिव्हच्या वर दुधी काच बसवायची. दिव्याचा सरळ उजेड त्या काचेत शिरला की पसरून आंधळा व्हायचा आणि निगेटिव्हवरचे ओरखडेसुद्धा कागदावर उतरायचे नाहीत. पिवळा फिल्टर आणि दुधी काच दोन्ही एकदम, म्हणजे मऊकरांचा स्वर्ग. त्यात माणूस सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखा दिसायचा आणि गिऱ्हाईक खूष होऊन जायचं.

ही दुधी काच फार पूर्वी मऊकरांच्याच हातून पडली होती. तिचा एक कोपरा उडाला. नवी आणू, नवी आणू म्हणत त्यांनी तिथे काळी पट्टी चिकटवली, ती आजतागायत तशीच. पट्टीने तेवढा उजेड अडतो, आणि उजेड अडला की कागद त्या जागी फिका राहतो. वहिनी दर वेळी, बाकीचा कागद तळहाताने झाकून, त्या एका कोपऱ्याला वरून थोडा जास्त उजेड पाजायच्या. झोपेतही केला असता इतका तो चाळा हातात बसला होता. मऊकरांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. फोटो नीट येतात म्हणजे काच ठीक आहे, एवढंच त्यांना दिसत होतं.

या फोटोसाठी मऊकरांनी कागद मुद्दाम दुसऱ्या जातीचा वापरला होता, चकचकीत. कडा कापताना वेगळी कातर वापरली होती. एवढी सावधगिरी केली आणि कोपरा तसाच सोडून दिला.

वहिनी उठल्या. दुपारची वेळ, दुकानाचं दार लोटलेलं. मऊकर खुर्चीत मान मागे टाकून घोरत होते. तोंड उघडं, ओठांच्या कडेला पांढरा फेस, आणि श्वासागणिक तो फेस हलत होता. त्यांच्या गुडघ्याशी टेबलाचा खण होता. वहिनींनी श्वास रोखून तो ओढला. आत खोकल्याच्या गोळ्या होत्या, अर्ध्या चोखून पुन्हा कागदात गुंडाळलेल्या. दात कोरून ठेवून दिलेल्या काड्या होत्या. भिंग पुसायच्या चिंधीला काहीतरी चिकट लागलं होतं. त्या सगळ्याच्या तळाशी, लिफाफ्यात, एक निगेटिव्ह. वहिनींनी ती दोन बोटांत धरून बाहेर काढली आणि जाता जाता आपली बोटं झग्याला पुसली.

डार्करूमचं दार लावल्यावर त्यांनी लाल दिवा लावला. व्हिनेगरसारखा आंबूस आणि फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा कुबट वास नेहमीचाच, त्याने त्यांना कधी काही झालं नव्हतं. आज मात्र नाकाशी हात गेला. कुणीतरी आपल्या चुलीवर, आपल्या भांड्यांत, आपल्या पाठीमागे काहीतरी भलतंच शिजवून खाऊन गेलं, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी एन्लार्जर उघडला. दुधी काच जागेवरच होती, पण किंचित तिरकी बसवलेली. त्यांनी ती काढून फळीवर ठेवली. मग फिल्टर. लाल उजेडात पिवळा काय आणि गुलाबी काय, दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून वहिनींनी त्यांचे कोपरे कापून ठेवले होते. पिवळ्याचा एक, गुलाबीचे दोन. त्यांनी बोटाने दोन कापलेले कोपरे चाचपले, फिल्टर सरकवला आणि दिवा लावला.

कागद ट्रेमध्ये सोडल्यावर थोडा वेळ तो कोराच राहिला. मग कोटाची कॉलर आली. भुवया आल्या. आणि त्यांच्या मागोमाग, एकेक करत, मऊकरांनी बुडवून ठेवलेलं सगळं वर यायला लागलं. कानांवरचे केस पांढरे होते. डोळ्यांच्या कडांपासून सुरकुत्या पार कानशिलापर्यंत गेल्या होत्या. गळ्याची कातडी सैल होती. नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन खोलगट डाग होते, ते कसले ते त्यांना कळलं नाही. आणि गुडघ्यावर ठेवलेल्या हाताच्या एका बोटावर, उन्हाने रापलेल्या कातडीत, एक गोरी पट्टी होती, बोटाभोवती फिरलेली. वर्षानुवर्षं अंगठी घालून ती नुकतीच काढली की राहते तशी.

चेहरा वाईट नव्हता, हेही वहिनींना दिसलं. माणूस दमलेला होता आणि ते त्याने लपवलेलं नव्हतं. किळस त्याची येत नव्हती. त्यांनी प्रिंट हायपोतून काढली, पाण्यात बुचकळली आणि तशीच निथळती घेऊन दुकानात गेल्या.

मऊकर जागे झाले होते. कुणाच्या तरी फोटोवरचे पांढरे ठिपके ते बारीक ब्रशने बुजवत होते. ठिपका बुजवायचा, ब्रशचं टोक जिभेवर फिरवायचं, पुन्हा रंगात बुडवायचं. जीभ मधोमध काळी पडली होती. इतकी वर्षं वहिनींनी हे रोज पाहिलं होतं.

"हा फोटो कुणी छापला?" त्यांनी चकचकीत फोटो पुढे धरला.

मऊकरांनी मान वर केली नाही. "तिकडच्या स्टुडिओत छापला असेल. मला काय ठाऊक?"

"तिकडच्या स्टुडिओतही दुधी काच फुटलीय? नेमकी ह्याच कोपऱ्यात?"

"कोपऱ्यात काय?"

"काही नाही. एवढी वर्षं मी ते झाकत आले, म्हणून तुम्हाला दिसलं नाही."

त्यांनी ओली प्रिंट टेबलावर ठेवली. पाणी ओघळून रंगाच्या बशीत गेलं.

"अगं, ओलं काय ठेवतेस इथे!" मऊकर ओरडले. मग त्यांनी प्रिंट पाहिली. ब्रश जिभेवरच राहिला.

"किती वर्षांचा आहे?"

"अंगाने दणकट आहे."

"मी वय विचारलं, अहो. वजन नाही."

"सत्तेचाळीस. पण माणूस लाखात एक आहे. पहिली आजारपणात गेली, मूलबाळ काही नाही. घरात खाणारं तोंड एकटं. तुला अजून काय पाहिजे?"

"इथे आला होता तो. ह्याच स्टुलावर बसवलंत त्याला."

"तू बहिणीकडे गेली होतीस तेव्हा. म्हटलं, एक चांगला फोटो काढून ठेवू."

"आणि अंगठी?"

मऊकरांनी ब्रश बशीत टाकला. "मीच म्हटलं काढून ठेवा म्हणून. उगाच फोटोत दिसली असती. तो बिचारा काढायला तयारच नव्हता. निघेना, तर साबण लावून काढली."

साबण लावून. वहिनींच्या डोळ्यांसमोर ते उभं राहिलं. मोरीवर हा आपला नवरा, परक्या माणसाचा हात हातात धरून, त्याच्या मेलेल्या बायकोची अंगठी फेस करून ओढून काढतोय.

"शी!" त्या म्हणाल्या. "शी, शी. लाज नाही वाटली?"

"लाज कसली? सगळं आधी सांगितलं असतं तर तिने पुन्हा भुवयांत खोट काढली असती. एकदा समोरासमोर बसतील, चार शब्द बोलतील, मग हळूहळू सांगता येतं. सगळंच कसं कडक दाखवायचं? माणसाने जरा मऊ घ्यावं."

"पोटच्या पोरीला फसवायचं म्हणजे मऊ घेणं होय?"

"फसवायचं?" आता मऊकरांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. "आणि तिचा जो फोटो त्याला दिला, तो कुणी छापला? मी नुसता काढला. निगेटिव्ह तुझ्या हातात दिली तेव्हा मी एक अक्षर बोललो नव्हतो. आठवून बघ. मऊ कर म्हटलं होतं मी? तिच्या गालावरचं सगळं पुसून माझ्या हातात फोटो आणून दिलास तो तू. त्याला तिच्या गालाचं माहीत नाही, तिला त्याच्या वयाचं माहीत नाही. फिट्टंफाट. कुणी कुणाला बोल लावायला नको."

त्यांनी ओली प्रिंट बाजूला सरकवली, बशीतलं पाणी काढलं आणि पुन्हा ब्रश जिभेवर टेकवला.

मऊकरांचं आयुष्य खोटं बोलण्यात गेलं आणि आज नेमके ते खरं बोलले. वहिनी डार्करूममध्ये परत आल्या आणि अंधारात उभ्या राहिल्या.

छबीच्या डाव्या डोळ्याच्या खालून थेट मानेपर्यंत जन्मखूण होती. बिटाच्या रसाचा हात पुसावा तशी, कडा वेड्यावाकड्या. लहानपणी घरात त्या खुणेला ‘नकाशा’ म्हणायचे आणि छबी स्वतः त्यावर बोट ठेवून ‘इथे समुद्र, इथे आपलं घर’ असं दाखवायची. शाळेत जायला लागली आणि तो खेळ बंद झाला. तेव्हापासून ती दुपारी डार्करूममध्ये येऊन बसायची. लाल उजेडात नकाशा दिसत नाही. लाल उजेडात लालसर काही वेगळं उरतच नाही, गाल दोन्ही सारखे होतात. ट्रेमधल्या स्थिर पाण्यात वाकून ती आपलं तोंड बघायची आणि म्हणायची, "आई, इथे मी पुसलेली असते." वहिनींना त्या वेळी भरून यायचं. आणि म्हणून की काय, शाळेचा फोटो असो, वाढदिवसाचा असो, ओळखपत्राचा असो, छबीची निगेटिव्ह हाती आली की त्यांचा हात आपोआप पिवळ्याचा एक कापलेला कोपरा शोधायचा, काच बसवायचा, आणि उजेड चालू असताना बोटांची सावली गालावर नाचवून तेवढी जागा आणखी फिकी करायचा. सांगावं लागलं नव्हतं कुणी. मऊकरांनीसुद्धा नाही.

बाहेरून टकटक झाली. "कागद उघडा आहे का?"

उजेडाने कागद वाया जाऊ नये म्हणून डार्करूममध्ये येण्याआधी त्या घरात हेच विचारायचं. वहिनींनी डोळे कोरडे केले. "नाही. ये."

छबी आली ती कामाच्या कपड्यांतच, खांद्याला पिशवी. चष्म्यांच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची, फ्रेमा बसवून द्यायची. दिवसभर परकी माणसं तिच्या तोंडासमोर तोंड आणून बसायची, आणि तिला त्याचं काही वाटत नाही असं तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"बाबा फुगून बसलेत. काय झालं? आणि माझा फोटो कुठाय टेबलावरचा?"

माझा फोटो, म्हणाली ती. वहिनींनी पांढरा दिवा लावला. क्षणभर वाटलं, हात मागे घ्यावा, प्रिंट ट्रेखाली सरकवावी, शनिवारचं शनिवारी बघू म्हणावं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पोरीने तांब्याला फोटो टेकवून चहा प्यायला होता. पण मऊकरांची काळी जीभ डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले, चकचकीत आणि ओला.

"हा तुला मिळाला तो. हा त्याच निगेटिव्हचा, कडक. आपल्याकडेच काढलाय. बाबांनी."

छबी वाकली. फोटोच्या घरातली पोर, तिला जास्त समजवावं लागलं नाही. ती आधी एकाकडे बघत राहिली, मग दुसऱ्याकडे.

"केस पिकलेत."

"सत्तेचाळीसचा आहे."

"बोटावर?"

"अंगठीचं. पहिली बायको गेली त्याची. अंगठी बाबांनी काढायला लावली, तो काढत नव्हता." साबणाचं त्यांनी सांगितलं नाही. जिभेवर येईना ते.

वहिनी वाट बघत होत्या, ही आता रडेल, नाहीतर फोटो फाडेल. छबीने ओल्या प्रिंटवर नाकाच्या बाजूच्या डागांवर करंगळी टेकवली.

"आई, हा चष्मा लावतो. जाड नंबरचा. असा खड्डा पडायला चांगला जड चष्मा लागतो, आणि तोही वर्षानुवर्षं. फोटोपुरता काढलाय." तिला एकदम हसू आलं, आणि ते तिने आवरलं नाही. "म्हणजे बाबांनी त्याला इथे बसवलं तेव्हा त्याला समोरचं काही दिसतसुद्धा नसणार. म्हणून डोळे असे शांत आलेत. आणि मी आपली म्हणतेय, काय बघतो हा माणूस!"

वहिनींनाही हसू फुटलं, ओशाळं. "सांगून टाकू त्यांना नको म्हणून. बाबांना मी बघते."

"थांब." छबीचं हसू गेलं होतं. "माझा कुठला पाठवलात त्याला?"

वहिनींचा हात ट्रेच्या काठावर थबकला.

"मी म्हटलं होतं मला दाखवू नका म्हणून. आता दाखव."

जास्तीची एक प्रत फळीवरच्या डब्यात होती. वहिनींनी ती काढून दिली. छबीने ती त्या दोन फोटोंच्या शेजारी ठेवली आणि पाहिली. पांढऱ्या दिव्याखाली तिचा गाल लालजांभळा, नेहमीसारखा, आणि त्याच्याखाली कागदावर ती दुसरी, धुतल्यासारखी, डोळे आणि ओठ सोडले तर चेहऱ्यावर कुठे काही नसलेली. कोपरा मात्र ह्या फोटोत बरोबर होता. चारही कोपरे सारखे.

"ही कोण?"

"तूच की गं."

"नाही." छबी रागावली नव्हती. गिऱ्हाइकाला नंबर सांगावा तशी बोलली. "ही तुला हवी होती ती."

बोलताना तिचा वरचा ओठ एका बाजूला किंचित वर गेला. घाणेरडं काही पायाखाली आल्यावर जातो तसा. वहिनींनी तो ओठ ओळखला. दुपारी दुकानात आपलं तोंड असंच झालं असणार, हे त्यांना आरशाशिवाय कळलं.

"छबी, लोक बोलतात गं. मला वाटायचं—"

"माझी निगेटिव्ह लाव. काच नको. ह्याचा काढलास तसाच काढ. एक प्रत उद्याच्या टपालात टाकते, म्हणजे शनिवारच्या आधी पोचेल त्याला. चष्मा लावून बघ म्हणावं."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"तर घरी बसून नाही म्हणेल. इथे येऊन, चहा पिता पिता माझ्या गालाकडे बघून नाही." तिने ओली प्रिंट उचलून दोरीला लटकवली. "हा राहू दे माझ्याकडे. तो चकचकीत बाबांना परत दे."

वहिनींनी पांढरा दिवा बंद केला आणि लाल लावला. शेजारी उभ्या लेकीच्या गालावरचा नकाशा गेला. त्यांनी निगेटिव्ह बसवली. फिल्टरच्या खणात हात घातला तेव्हा बोटांना आधी एकच कापलेला कोपरा लागला, आणि बोटं तिथेच थांबून राहिली. वहिनींनी तो परत ठेवला आणि दोन कोपऱ्यांचा शोधून काढला. दिवा लागल्यावर त्यांचा हात सवयीने उजेडात शिरायला निघाला, गालावर सावली धरायला. त्यांनी तो मागे ओढून घेतला, कमरेवर ठेवला आणि दिवा विझेपर्यंत तिथेच ठेवला.

कागद ट्रेमध्ये गेला. छबी वाकली, लहानपणी वाकायची तशी. आधी केस आले. मग डोळे. आणि गाल यायच्या आधी, कोऱ्या कागदावर एकटंच, गालावरचं ते यायला लागलं. वेड्यावाकड्या कडा, मानेकडे उतरत गेलेली शेपटी. वहिनींनी ते कागदावर कधी पाहिलं नव्हतं. आत्ता कागद उचलला तर ते फिकंच राहील, हे त्यांच्या हाताला त्यांच्या आधी सुचलं, आणि चिमटा पाण्यात गेला.

छबीने त्यांचं मनगट धरलं. जोरात नाही.

"येऊ दे," ती म्हणाली. "पूर्ण येऊ दे."

लाल उजेडात तिचा गाल अगदी जवळ होता, स्वच्छ, दुसऱ्यासारखाच. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी चिमटा सोडला आणि त्या ट्रेमध्ये बघत राहिल्या.